घाम चढावर, गारठा उतारावर

भूगोलाच्या पुस्तकात आपण शिकतो की दर हजार मीटर चढलं की हवा सुमारे साडेसहा अंशांनी थंड होते. आल्प्समध्ये सुट्टीला जाऊन सायकलवर घाट चढणाऱ्यांना हा धडा अंगावर गिरवावा लागतो.

इटलीतला स्टेल्व्हिओ घाट २७५७ मीटर उंच आहे. पायथ्याच्या प्राटो गावापासून ४८ वळणं आणि सुमारे १८०० मीटरची चढण. गावात २० अंश असले, तर माथ्यावर जेमतेम ८.

चढताना मात्र हे कळत नाही. पाय चालू असतात, अंग तापतं, घाम येतो. उतारावर पाय थांबतात, ओले कपडे अंगाला चिकटतात आणि वारा समोरून झोंबतो. बोटं बधिर झाली की ब्रेकही नीट दाबता येत नाही.

५ जून १९८८ रोजी इटलीच्या प्रसिद्ध सायकल शर्यतीत गाविया घाटावर बर्फ पडला. योहान व्हान डर व्हेल्डे अर्ध्या बाह्यांच्या कपड्यांत माथ्यावर सर्वांत आधी पोचला. उतारावर गारठून थांबला आणि पाऊण तासाहून जास्त मागे पडला. जाड हातमोजे घातलेल्या अँडी हॅम्पस्टेननं पुढे ती शर्यत जिंकली.

म्हणून कोरडा बनियन, हातमोजे आणि वारा अडवणारं जॅकेट पिशवीत ठेवा; माथ्यावरच बदला. मुलं म्हणतील, "थंडी वाजत नाही." चढावर ते खरंच असतं. तुम्ही उताराचा विचार करा.