दीपगृहातला पारा, घरातला पारा

मुंबईजवळचे खांदेरीचे दीपगृह १८६७ पासून जहाजांना वाट दाखवते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जगभर, अमेरिकेतही, अनेक दीपगृहांची टनावारी वजनाची भिंगे पाऱ्यावर तरंगत ठेवली जाऊ लागली. हाताच्या हलक्या धक्क्यानेही ती फिरत. पाऱ्याची वाफ मात्र राखणदारांच्या श्वासात जाई. हात कापणे, चिडचिड, विसराळूपणा ही पाराबाधेची लक्षणे. लोक दोष देत एकांताला.

देवणीत समुद्र नाही, पण काचेच्या थर्मामीटरात पारा आहेच. भारताने २०१८ मध्ये पाराविरोधी मिनामाता करार मान्य केला. डिजिटल थर्मामीटर आता सहज मिळतो. जुना फुटलाच, तर केरसुणी फिरवू नये, पारा आणखी पसरतो. मुलांना बाहेर न्यावे, खिडक्या उघडाव्यात, थेंब जाड कागदाने गोळा करून घट्ट झाकणाच्या बाटलीत भरावेत. मोरीत तर मुळीच टाकू नयेत.