निळे फूल, काटेरी अंग

एडिंबरोला स्थायिक झालेल्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. तीन वर्षे जपलेल्या हिमालयीन निळ्या खसखशीला यंदा पहिल्यांदा फुले आली आणि पाठोपाठ झाड वाळू लागले. "माझे काय चुकले?" असे त्या विचारतात.

बहीण, काही चुकलेले नाही. मेकोनॉप्सिस ॲक्युलिएटा ही जातच अशी. एकदा फुलते, बी धरते आणि संपते. आता झाड वाचवायची खटपट सोडा, बोंडांकडे लक्ष द्या. बोंडाचे टोक फुटू लागले की ते कागदी पाकिटात झाडून घ्या. हातमोजे घालायला विसरू नका, कारण देठ, पाने, कळी, बोंड, सगळ्यावर ताठ काटे असतात. 'ॲक्युलिएटा'चा अर्थच काटेरी. हे नाव दिले डॉ. जॉन फोर्ब्स रॉईल यांनी; ते सहारनपूरच्या बागेचे प्रमुख होते.

थोडे बी लगेच पेरा, उरलेले कोरडे करून फ्रिजमध्ये ठेवा आणि फेब्रुवारीत पेरा. हे बी फार दिवस टिकत नाही. वर मातीचा जाड थर नको, बारीक खडीची चिमूट पुरे. सोटमूळ लांब जाते, म्हणून रोप लहान असतानाच दगडांमधल्या कायमच्या जागी लावावे. दरवर्षी थोडे पेरत गेलात, तर बागेत लहानमोठी झाडे राहतील आणि एक वाळले तरी वाफा रिकामा होणार नाही.

खरा धोका हिवाळ्यात. पश्चिम हिमालयात तीन-चार हजार मीटरवर झाड बर्फाखाली झोपते. तिथे थंडी असते, पण ओल नसते. तुमच्याकडे मात्र थंडीतही पाऊस. पाणी पानांच्या गाभ्यात साचले की तो कुजतो. गाभ्याभोवती खडी पसरा आणि वर तिरकी काच टेकवा, मात्र बाजूंनी वारा खेळू द्या. उन्हाळ्यात उलट वागायचे. तो हिमालयातला पावसाळा, तेव्हा मुळांना पाणी कमी पडू देऊ नका.

पुणे-छत्रपती संभाजीनगरच्या भगिनींनी बियांच्या पाकिटावर पैसे घालवू नयेत, आपला एप्रिल-मे त्या रोपाला सोसणार नाही. मुलांना हे फूल दाखवायचेच असेल, तर जुलै-ऑगस्टमध्ये उत्तराखंडातल्या फुलांच्या घाटीत न्या. पायी चढ आहे, आणि तिथे काहीही तोडायला मनाई आहे.