ध्यास उसना मिळत नाही

जून उजाडला की मराठवाड्याच्या गावागावांतून लातूर आणि नांदेडकडे गाद्या, पेट्या व पुस्तकांचे गठ्ठे निघतात. सोबत सोळा वर्षांचा मुलगा आणि त्याला डॉक्टर करण्याचा निश्चय केलेला बाप असतो. खोली ठरते, शिकवणीचे शुल्क भरले जाते, बाप संध्याकाळच्या गाडीने परततो.

राजर्षी शाहू महाविद्यालयात प्राचार्य जनार्दन वाघमारे यांच्या काळात रुजलेल्या ‘लातूर पॅटर्न’ने मोठे काम केले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. अखंड सराव, उजळणी आणि चाचण्या यांच्या बळावर ग्रामीण मुलगा मुंबई-पुण्याच्या बरोबरीने गुणवत्ता यादीत दिसू लागला. परिश्रमाचे महत्त्व या मुलांना कोणी सांगावयास नको. पण त्यांना पहाटे उठवणारी ओढ त्यांची स्वतःची असते काय?

नांदेडच्या नरहर कुरुंदकरांचे उदाहरण येथे आठवते. हैदराबादेत इंटरच्या परीक्षेत ते वारंवार अनुत्तीर्ण झाले. आजच्या हिशेबाने तो वाया गेलेला विद्यार्थी! परंतु त्याच काळात त्यांचे वाचन अफाट चालले होते. इतिहास, नाट्यशास्त्र, मनुस्मृती, राजकारण, कोणताही विषय त्यांनी परका मानला नाही. नांदेडला शाळेत शिकवता शिकवता राहिलेल्या पदव्या त्यांनी मिळवल्या आणि पुढे ते पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले. ‘श्रीमान योगी’ला त्यांनी लिहिलेली प्रस्तावना महाराष्ट्र आजही आवर्जून वाचतो. त्यांची अनेक मते अनेकांना पटली नाहीत. विचार करण्यातला त्यांचा आनंद मात्र विरोधकांनाही दिसत असे. 10 फेब्रुवारी 1982 रोजी तेव्हाच्या औरंगाबादेत व्यासपीठावरच त्यांचे निधन झाले. वय अवघे 49.

अर्थात, नापास होणे हा काही गुण नव्हे आणि प्रत्येक मुलगा कुरुंदकर होत नसतो. बापाचा धाकही निष्कारण नाही. ज्या लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या परिसरातील कोरडवाहू शेतकऱ्याला पदवी हाच एक खात्रीचा पाऊस वाटतो. त्याला दोष कसा द्यावा?

तरीही वसतिगृहातल्या त्या मुलाला घरून फोन येतो, तेव्हा बहुधा चाचणीचे गुण विचारले जातात. ‘सध्या काय वाचावेसे वाटते रे?’ असे विचारणारा फोन विरळाच.