रागावलेल्या मुलाचं ताट

आईबापांची माया कधी आटत नाही, हे मुलांना सांगणाऱ्या चित्रपुस्तकांची इंग्रजीत रेलचेल आहे. त्यांतलं अफाट खपलेलं एक म्हणजे कॅनडातले कथाकार रॉबर्ट मंच यांचं 1986 सालचं ‘लव्ह यू फॉरएव्हर’. दोन वर्षांचा मुलगा आईचं घड्याळ संडासात टाकून पाणी सोडतो. याच्यापायी वेड लागेल, असं ती वैतागून म्हणते. रात्री मात्र तो गाढ झोपल्याची खात्री करून त्याला मांडीवर घेते आणि मायेचं गाणं म्हणते. मुलगा मोठा होत जातो, गाणं तेच राहतं. त्याने वेगळं बिऱ्हाड केल्यावरही ती गाडीच्या टपावर शिडी बांधून जाते, खिडकीतून आत शिरते आणि त्या बाप्याला मांडीवर घेते. ही खिडकी अनेकांना खटकते. मला ती खटकत नाही. लोककथेत याहून अचाट गोष्टी घडतात. मला खटकते ती झोप. आईचा वैताग मुलगा जागेपणी ऐकतो आणि तिची माया मात्र त्याच्या झोपेत व्यक्त होते. लहान मुलाचा खरा प्रश्न ‘तुझं माझ्यावर किती प्रेम आहे’ हा नसतोच. ‘मी एवढा वाईट वागलो, तरीही आहे का’ हा असतो, आणि त्याचं उत्तर त्याला जागेपणी मिळायला हवं.

हे उत्तर मॉरिस सेंडॅक यांनी 1963 मध्ये ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’मध्ये देऊन ठेवलं आहे. लांडग्याचा पोशाख घालून मॅक्स घरभर धुडगूस घालतो, आईला उलट बोलतो, आणि उपाशीपोटी खोलीत पाठवला जातो. तिथून तो राक्षसांच्या बेटावर पोचतो, त्यांचा राजा होतो, मनसोक्त दंगा करतो आणि शेवटी एकटेपणाला कंटाळून परततो, तर खोलीत जेवण ठेवलेलं असतं आणि ते अजून गरम असतं. हे सांगणाऱ्या शेवटच्या पानावर चित्र नाही. आई तर पुस्तकभर एकदाही दिसत नाही. प्रेम हा शब्द तिच्या तोंडी नाही, माफीची मागणी नाही, उपदेश नाही. आहे ते वाढलेलं ताट. मानसतज्ज्ञ ब्रुनो बेटलहाइम यांनी 1969 मध्ये या पुस्तकावर टीका केली होती: आईच मुलाला उपाशी ठेवते, याने मुलं धास्तावतील. गंमत म्हणजे त्यांनी पुस्तक वाचलंच नव्हतं. वाचलं असतं तर शेवटचं पान दिसलं असतं.

मंच यांच्या बाजूने एक गोष्ट सांगितली जाते आणि ती हलक्यात घेण्यासारखी नाही. त्यांची दोन बाळं मृत जन्माला आली; ते गाणं त्या दुःखातून आलं. हे कळल्यावर प्रत्येक वयातल्या लेकराला मांडीवर घेण्याचा आईचा हट्ट वेगळाच दिसू लागतो. पण मग ते आईबापांच्या शोकाचं पुस्तक ठरतं, आणि तसं ते उत्तमच आहे. दुसरा आक्षेप असा की तीन वर्षांच्या पोराला कुठला आलाय संघर्ष, त्याला तेच ते ऐकून धीर येतो. मान्य. पण मार्गारेट वाइज ब्राउन यांच्या 1942च्या ‘द रनअवे बनी’तही तेच ते आहे. सशाचं पिल्लू म्हणतं मी मासा होईन, आई म्हणते मी कोळी होईन. ते डोंगरावरचा दगड व्हायचं म्हणतं, ती गिर्यारोहक. काहींना यातही आईचा पाठलागच दिसतो. मला फरक दिसतो तो असा, की इथे पळण्याची भाषा पिल्लू करतं, प्रत्येक नवं रूप तेच ठरवतं, आणि आई त्याच्या डोळ्यांदेखत उत्तर देते. शेवटी गाजर मिळतं. सॅम मॅकब्रॅटनी यांच्या ‘गेस हाउ मच आय लव्ह यू’त (1994) मात्र छोट्या आणि मोठ्या सशात माया मोजण्याची चढाओढ आहे, आणि ती दर वेळी मोठा ससाच जिंकतो.

तेव्हा बारशाला आहेर द्यायचा असेल तर मंच जरूर द्या, पण आईबापांच्या हातात. पोरगं रुसून, पाय आपटून खोलीत गेलं असेल, त्या रात्री सेंडॅक काढा.