आधी त्यांचे ऐकूया

पावसाळ्यात आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे, हे सांगलीच्या शाळकरी मुलांना तोंडपाठ असते. 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका. 2019 च्या ऑगस्टात पाणी 57 फुटांवर गेले. तेव्हा तिसरी-चौथीत असलेली ही मुले आता वयात येत आहेत. त्यांच्याच वयाची दुष्काळी माण-खटावची मुले टँकरची वाट बघत वाढली. कृष्णा खोऱ्यातल्या या मुलांना पर्यावरण शिकवताना, त्यांनी ते आधीच सोसले आहे याचे भान हवे.

राज्यात 2020 पासून नववीला ‘जलसुरक्षा’ विषय आला, हे उत्तम झाले. पण प्रकल्पाच्या वहीत चित्रे चिकटवली की गुण मिळतात. ठिबक सिंचनाचे फायदे मुलगी सुवाच्य अक्षरात लिहिते. घरच्या उसाला अजून पाटानेच पाणी का, हे ती कुणाला विचारणार? शिवाय तिच्या क्लासची फी त्याच उसाच्या बिलातून जाते, हेही तिला कळते. आजची मुले बेफिकीर आहेत, मोबाइलमध्ये बुडालेली आहेत, असे आपण सहज म्हणून जातो. मला त्यांच्या गप्प बसण्यात हा पेच दिसतो. 2023 मध्ये सांगलीजवळ कृष्णाकाठी मेलेल्या माशांचा खच पडला. तो मुलांनीही पाहिला. त्याविषयी किती घरांत त्यांच्याशी बोलणे झाले?

बोलायला जवळची उदाहरणेही आहेत. सागरेश्वरच्या उजाड डोंगरावर धों. म. मोहिते यांनी ध्यास घेऊन जंगल उभे केले. 1985 मध्ये ते अभयारण्य झाले. शाळांच्या सहली तिथे जातात, हरणे बघून, डबा खाऊन परततात. हे रान मुळात नव्हतेच, माणसांनी ते राखून वाढवले, एवढे जरी शिक्षकांनी तिथे उभे राहून सांगितले तरी मुले डोंगराकडे निराळ्या नजरेने बघतील. कोरेगाव तालुक्यातल्या वेळूने जलसंधारण स्पर्धेतला 2016 चा पहिला वॉटर कप श्रमदानाच्या बळावर जिंकला. तेही असेच दाखवण्याजोगे गाव.

दिवाळीत फटाके न उडवण्याची शपथ शाळाशाळांतून घेतली जाते, ती जरूर घ्यावी. आम्हाला मात्र मुलांचे प्रश्न हवे आहेत. पुढच्या दिवाळी अंकाची काही पाने त्यांच्यासाठी राखून ठेवत आहोत. आपल्या ओढ्याविषयी, विहिरीविषयी, कारखान्याच्या धुराविषयी, घरच्या शेताविषयी त्यांनी लिहावे. पालकांनी आणि गुरुजनांनी ते लिखाण न सुधारता आमच्याकडे पाठवावे.