विश्लेषण : ट्यूब अ‍ॅम्प्लिफायर घरी आणताय? पहिला फोन वायरमनला करा

रत्नागिरीत कुणी ट्यूब अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचे ठरवले, तर त्याने पहिला फोन दुकानदाराला नव्हे, वायरमनला करावा. ऐकायला विचित्र वाटेल. मंद केशरी उजेडाचे हे काचेचे यंत्र आता मोबाइलवरून मागवता येते. ते घरातल्या जुन्या सिस्टिमला जोडले आणि हिरमोड झाला, की दोष अ‍ॅम्प्लिफायरला दिला जातो. खरी कारणे बरेचदा भिंतीतल्या प्लगमध्ये, परसातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात आणि स्पीकरच्या मागच्या लेबलवर असतात. ट्यूब अ‍ॅम्प्लिफायर ही सिस्टिममध्ये सगळ्यात शेवटी घ्यायची वस्तू आहे. बहुतेक जण ती सगळ्यात आधी घेतात.

ट्यूब म्हणजे आजोबांचा व्हॉल्व्ह

घरातल्या जुन्या माणसांना ‘ट्यूब’ कळणार नाही, ‘व्हॉल्व्ह’ लगेच कळेल. मर्फी, फिलिप्सचा रेडिओ लावला की आवाज यायला थोडे थांबावे लागे, ते व्हॉल्व्ह तापायची वाट पाहणेच होते. हवा काढून घेतलेल्या काचेच्या नळीत एक तापलेला भाग इलेक्ट्रॉन सोडतो, समोरची पट्टी ते ओढून घेते आणि मधली बारीक जाळी त्या प्रवाहाला आवर घालते. जाळीवर लहानसा संकेत दिला की पलीकडे त्याचे मोठे रूप मिळते. ही जाळी ली डी फॉरेस्टने १९०६ च्या सुमारास बसवली. १९४७ मध्ये ट्रान्झिस्टर आला आणि पुढच्या दोन-तीन दशकांत घरगुती यंत्रांतून व्हॉल्व्ह हद्दपार झाला.

मग तो परत का आला? ‘ट्यूबचा आवाज उबदार असतो’ असे सांगितले जाते. त्यातला बराचसा भाग म्हणजे मूळ स्वरात मिसळलेली सम पटींतली विकृती, मुख्यतः दुप्पट कंपनसंख्येचा स्वर, म्हणजे वरच्या सप्तकातला तोच सूर. तो कानाला खटकत नाही, उलट स्वर भरल्यासारखा वाटतो. मोजमापात साधा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर याहून अचूक निघेल. म्हणून ट्यूबला ‘जास्त शुद्ध’ म्हणून विकणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. पण चुलीवरची भाकरी आवडणाऱ्याला गॅसची कार्यक्षमता सांगून उपयोग नसतो, हेही खरे.

स्पीकर जुळत नसेल तर सगळेच फुकट

सर्वाधिक पैसे वाया जातात ते इथे. ३००बी जातीच्या एका ट्यूबवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर एका बाजूला साधारण ८ वॅट देतो. ईएल३४ च्या जोडीवर चालणारा ३५-४० वॅटपर्यंत जातो. घरात आधीपासून असलेला लहान बुकशेल्फ स्पीकर सहसा ८५ ते ८७ डीबी संवेदनशीलतेचा असतो. म्हणजे एक वॅट दिला तर एक मीटरवर तेवढा आवाज. आवाज ३ डीबीने वाढवायचा तर वॅट दुप्पट लागतात. म्हणून ९५ डीबीचा स्पीकर एका वॅटमध्ये जे करतो, त्यासाठी ८७ डीबीच्या स्पीकरला सव्वासहा वॅट द्यावे लागतात. आठ वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर तिथेच धापा टाकायला लागतो. पेटी आणि गळा निभावून जातो, तबल्याची जोरकस थाप आली की आवाज चिरडतो.

डग्गा ही तर खरी परीक्षा. ट्यूब अ‍ॅम्प्लिफायरचा, विशेषतः कमी फीडबॅकवाल्याचा, स्पीकरवरचा ताबा सैल असतो. थाप थांबली तरी स्पीकरचा पडदा किंचित हलत राहतो आणि डग्ग्याची मींड घुमून पसरट होते. शिवाय स्पीकरचा ओहम आकडा लेबलवर ८ असला तरी प्रत्यक्षात स्वरागणिक तो ४ पासून २० पर्यंत फिरू शकतो. ट्यूब अ‍ॅम्प्लिफायर त्या चढउतारामागे जातो आणि स्वरांचा समतोल बदलतो. त्यामुळे एकाच अ‍ॅम्प्लिफायरबद्दल दोन घरांत दोन टोकाची मते ऐकू येतात. थिबा राजवाड्याच्या आवारात जानेवारीत होणाऱ्या संगीत महोत्सवात पुढच्या रांगेत बसून ज्याने डग्गा ऐकला आहे, त्याने घरच्या सिस्टिमची परीक्षाही त्याच कानाने घ्यावी. इंटरनेटवरच्या परीक्षणातले पाश्चात्त्य जाझ इथे फारसे कामाचे नाही.

जोडणी करताना

ट्यूब अ‍ॅम्प्लिफायर स्पीकर न जोडता कधीही चालू करू नये. त्याच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये नको इतके व्होल्टेज उसळून वेटोळे जळू शकते. आवाज येत नाही म्हणून चालू स्थितीत स्पीकरच्या तारा काढून बघणे हीच ती चूक. ४ आणि ८ ओहमचे वेगळे टर्मिनल असतात. स्पीकरच्या लेबलप्रमाणे सुरुवात करावी आणि दोन्हीवर ऐकून बरे वाटेल ते ठेवावे.

जुना अ‍ॅम्प्लिफायर सिनेमासाठी ठेवून नवा गाण्यांसाठी वापरायचा बेत असेल, तर दोन्हींच्या तारा एकाच स्पीकरला एकाच वेळी लावल्यास एक तरी अ‍ॅम्प्लिफायर जातो. चांगला सिलेक्टर स्विच घ्यावा. तोही असा, की एका अ‍ॅम्प्लिफायरची धन आणि ऋण दोन्ही टोके तोडून मगच दुसऱ्याला जोडेल.

मोबाइल किंवा संगणकाला जोडलेला डॅक साधारण २ व्होल्टचा संकेत देतो. अनेक ट्यूब अ‍ॅम्प्लिफायरना पूर्ण आवाजासाठी त्याच्या निम्माही पुरतो. मग व्हॉल्यूमचे बटण जरासे फिरवले की घर दणाणते आणि त्यापुढे फिरवायला जागाच उरत नाही. अ‍ॅपमधला आवाज थोडा खाली ठेवला की प्रश्न सुटतो. फक्त ट्यूबचा प्रीअ‍ॅम्प घेऊन तो जुन्या पॉवर अ‍ॅम्प्लिफायरला जोडणे हा स्वस्तातला आणि बऱ्याच घरांसाठी शहाणपणाचा मार्ग आहे. मात्र पुढच्या यंत्राचा इनपुट आकडा मागच्याच्या आउटपुट आकड्याच्या निदान दहापट असावा. नाहीतर खर्ज पातळ होतो.

आता वायरमन

ट्यूबच्या पोटात ३०० ते ४५० व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ते काही काळ टिकून राहतात. अशा यंत्राची धातूची पेटी अर्थिंगशिवाय घरात असणे म्हणजे जिवाशी खेळ. कोकणात अर्थिंगची अडचण जमिनीतच आहे. कातळ आणि जांभा उन्हाळ्यात कोरडा पडला की खड्ड्याचा विरोध वाढतो. पावसाळ्यात बरे वाटणारे अर्थिंग एप्रिल-मेमध्ये नावापुरते उरते. परवानाधारक वायरमनकडून ते उन्हाळ्यातच टेस्टरने मोजून घ्यावे, खड्ड्यात पाणी घालत राहावे आणि मीटरजवळ ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा.

स्पीकरमधून सतत ‘घूं’ आवाज येतो म्हणून प्लगची अर्थ पिन कापण्याचा उपाय सर्रास सुचवला जातो. तो करू नये. गुणगुण बहुतेक वेळा दोन वाटांनी आलेल्या अर्थिंगमुळे होते: एक प्लगमधून, दुसरी सेट-टॉप बॉक्सच्या केबलमधून. सगळी यंत्रे एकाच पॉइंटवर घेतली किंवा केबलला आयसोलेटर लावला की ती थांबते. कापलेल्या पिनमुळे थांबलेली गुणगुण कुणाचा तरी शॉक होऊन परत येऊ शकते.

दुसरी गोष्ट व्होल्टेजची. आपल्याकडे प्रमाण २३० व्होल्ट आहे, तर चीनहून येणारे कितीतरी अ‍ॅम्प्लिफायर तिथल्या २२० साठी बनवलेले असतात. ट्यूबच्या हीटरला ६.३ व्होल्ट हवेत. २२० च्या ट्रान्सफॉर्मरला २५० दिले तर तिथे जवळजवळ ७.२ पोचतात. सोसण्याची मर्यादा साधारण दहा टक्के, हे त्याहून जास्त. ट्यूब जळत नाही, पण तिचे आयुष्य झपाट्याने संपते. ट्रान्सफॉर्मर २३० चा आहे की नाही, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारावे आणि घरात रात्री उशिरा मल्टिमीटर लावून बघावा.

इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर ट्यूब अ‍ॅम्प्लिफायर त्यावर चालवूच नये. ट्रान्सफॉर्मर भणभणतो, तापतो. वीज गेली की अ‍ॅम्प्लिफायर बंद करावा आणि परत आल्यावर काही मिनिटे थांबून सुरू करावा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर मंडणगड-दापोलीकडे कित्येक दिवस वीज नव्हती. अशा वेळी प्लगसोबत टीव्हीची केबलही काढून ठेवणे बरे.

बिलाची धास्ती मात्र अनाठायी आहे. चार ईएल३४ फक्त तापवायलाच ३८ वॅट लागतात, पूर्ण यंत्र धरून २०० वॅटच्या आसपास. रोज तीन तास ऐकले तर महिन्याला १८ युनिट.

खारा वारा आणि सुट्या ट्यूब

तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि समुद्राची हवा, यात ट्यूबच्या पिना आणि सॉकेट काळवंडतात. मग कडकड, मध्येच एक बाजू बंद. पावसाळ्यात यंत्र झाकून ठेवण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा तासभर चालवावे, त्याची स्वतःची उष्णता ओल घालवते. बंद, गार यंत्राच्या पिना वर्षातून एकदा कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसाव्यात. भिंतीतल्या बंद कपाटात हे यंत्र ठेवू नये आणि लहान मुलांच्या हाताला लागेल असेही नको. काच भाजण्याइतकी तापते.

सुट्या ट्यूबचा विचार खरेदीपूर्वीच करावा. एकेकाळी बेंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स व्हॉल्व्ह बनवत असे. आज ऑडिओच्या बहुतेक नव्या ट्यूब रशिया, चीन आणि स्लोव्हाकियातून येतात. मार्च २०२२ मध्ये रशियाने निर्यात रोखल्याचे जाहीर होताच जगभर साठेबाजी झाली आणि दर चढले. एकाच कारखान्यात बनणारी, दिसायला देखणी, दुर्मीळ ट्यूब असलेला अ‍ॅम्प्लिफायर घेणे म्हणूनच जोखमीचे. ईएल३४, ईसीसी८३ यांसारख्या चालू ट्यूब अनेक कंपन्या बनवतात. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली इथे चौकशी करता येते, पार्सलही मागवता येते.

राहिला दुरुस्तीचा प्रश्न. व्हॉल्व्हचे सर्किट हाताळलेले रेडिओ मेकॅनिक आता वयस्कर झाले आहेत. अ‍ॅम्प्लिफायर मुंबईला पाठवायचा तर ट्रान्सफॉर्मरच्या वजनामुळे कुरिअरही महाग पडते. तेव्हा सर्किटचा नकाशा देणाऱ्या कंपनीचेच यंत्र घ्यावे, पाठवताना ट्यूब काढून वेगळ्या डब्यात भराव्यात आणि मूळ खोका माळ्यावर जपून ठेवावा.