कान्ह नदीचा जमाखर्च

नदी स्वच्छ करायची म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे फावडी, घमेली आणि राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर उभे राहते. श्रमदानाला माझा मुळीच विरोध नाही. परंतु काठावरचा कचरा उचलल्याने पाणी सुधारत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. पाणी बिघडते ते घराच्या मोरीपासून, आणि सुधारायचे तर तिथूनच. हे मत इंदूरकडे पाहून बनले आहे. माझे मामा इंदूरपासून पंचवीसेक किलोमीटरवर, खांडवा रस्त्यावरील सिमरोलला राहतात, त्यामुळे तिकडे जाणेयेणे असते.

इंदूर आपल्याला परके नाही. होळकरांचे शहर, आजही मराठी बोलणारी घरे पुष्कळ. शहराच्या मधून कान्ह नदी वाहते आणि तिला सरस्वती मिळते. वर्षानुवर्षे लोक दोघींनाही नालाच म्हणत. पिण्याचे पाणी मात्र दूरच्या नर्मदेचे. त्यासाठी 1970 साली नागरिकांनी मोठे आंदोलन केले, त्यात विद्यार्थीही होते, आणि 1978 मध्ये नर्मदा विंध्याचा चढ चढून शहरात आली. आंदोलन यशस्वी झाले, पण वापरलेले पाणी जाणार कुठे हा प्रश्न मागेच राहिला. ते गेले कान्हमध्ये, आणि कान्ह उज्जैनजवळ शिप्रेला मिळते.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हा हिशेब नवलाचा वाटतो. इंदूरने वीज खर्चून नर्मदा वर आणायची, एकदा वापरून उज्जैनकडे लावून द्यायची. तिथे शिप्रेत पाणी हवे म्हणून 2014 मध्ये 432 कोटींच्या योजनेने पुन्हा नर्मदाच उचलून शिप्रेत सोडली! शिवाय 2016 च्या सिंहस्थासाठी कान्हचे पाणी स्नानाच्या घाटांना वळसा घालून नेणारी नळवाहिनी टाकली, ती वेगळीच. खर्च एकाचा, नावे दुसऱ्याच्या! अशी खतावणी आमच्या सरांपुढे ठेवली तर ते वही परत फेकतील.

पुढे किशोर कोडवानी यांच्यासारख्या नागरिकांनी हरित लवादाकडे दाद मागितली, आणि अखेर महापालिकेने खरे काम हाती घेतले. लहानमोठ्या 25 नाल्यांत सांडपाणी सोडणारी तोंडे तिने मोजली. सार्वजनिक 1,746 आणि घरगुती 5,624 निघाली. ती बंद करून मलवाहिनीला जोडली. कोरड्या पडलेल्या नाल्यांत लोक क्रिकेट खेळले. ऑगस्ट 2021 मध्ये इंदूर देशातले पहिले ‘वॉटर प्लस’ शहर ठरले. मला त्या मानापेक्षा ती मोजणी मोठी वाटते. 5,624 तोंडे म्हणजे तितक्या मोऱ्या. ‘तुमचे पाणी कुठे जाते हो?’ हे शेजारच्या काकांना तोंडावर विचारून पाहा, म्हणजे फावडे उचलणे किती सोपे ते कळेल.

तरीही त्याच वर्षी डिसेंबरात उज्जैनचे साधू शिप्रेतील घाण पाण्याविरुद्ध धरणे धरून बसले. वरच्या गावाने स्वतःच खाते मिटले म्हणून चालत नाही, खालच्या गावाची पोच यावी लागते.

आता सिमरोलचे पाहा. माळव्याचे पठार इथेच संपत येते. घाटाच्या अलीकडचे पाणी चंबळेच्या बाजूला जाते, पलीकडचे चोरलमधून नर्मदेला. म्हणजे इथली घाण दोन्हीकडे जाऊ शकते! आय.आय.टी. आल्यापासून वस्ती वाढते आहे. भूखंड पाडताना रस्ता दाखवतात, दिवे दाखवतात. सांडपाण्याची वाट कोणी विचारत नाही. इंदूरला हजारो तोंडे मागाहून शोधावी लागली. सिमरोलला ती आजच मोजता येतील, एका रविवारी, वही-पेन्सिल घेऊन. मग ग्रामसभेत इतकेच मागायचे की ज्या नकाशात शोषखड्डा किंवा गटाराची जोडणी दाखवलेली नाही, त्या घराला मंजुरी नको. मामांना हे सांगितले तर म्हणाले, “आधी आपलीच मोरी पाहावी लागेल.” पाहिली. ती मागच्या ओहोळात उघडते.

आपल्या बेळगावच्या बळ्ळारी नाल्यात किती मोऱ्या उघडतात? मराठी आणि कन्नड विभागांनी मिळून यंदाच्या शिबिरात फावड्यांऐवजी वह्या नेल्या, तर पुढच्या अंकात ती यादी दोन्ही भाषांत छापता येईल.